गाणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं

अमेरिकन विनोदी दिग्दर्शक मेल ब्रूक्सला 'ब्लेझिंग सॅडल्स' या आपल्या सिनेमासाठी शीर्षकगीत हवं होतं. शब्द त्याने स्वतःच लिहिले होते, चाल जॉन मॉरिसने बांधली होती. गायक मात्र फ्रँकी लेनच्या धाटणीचा पाहिजे होता, म्हणजे भरदार आवाजाचा आणि पहिल्या ओळीपासून छाती भरून गाणारा. 'गनफाइट अॅट द ओ. के. कोराल' आणि 'थ्री टेन टू युमा' या 1957 च्या दोन्ही वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काउबॉय-शेरीफांच्या, सिनेमांची शीर्षकगीतं लेनने गायली होती, 'रॉहाइड' या टीव्ही मालिकेचं गाणंही त्याचंच. ब्रूक्सने तशा आवाजासाठी जाहिरात दिली आणि समोर येऊन उभा राहिला खुद्द फ्रँकी लेन.

हा सिनेमा म्हणजे वेस्टर्नची थट्टा आहे, हे लेनला कुणी सांगितलंच नाही. तो जीव ओतून गायला. खरं काय ते सांगायचा आम्हाला धीरच झाला नाही, असं ब्रूक्सने पुढे सांगितलंय. गाण्यात जागोजागी जे चाबकाचे फटके ऐकू येतात ते नंतर भरले, गाताना लेनच्या कानावर ते पडलेच नव्हते. त्याच्या दृष्टीने तो एका एकाकी, शूर शेरीफची कहाणी गात होता. भीतीवर आणि द्वेषावर मात करणारा माणूस, खोगीर, वाळवंट, न्याय. सिनेमा 1974 च्या फेब्रुवारीत आला आणि त्या गाण्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

मी ते गाणं पुष्कळदा ऐकतो आणि दर वेळी दोन्ही गोष्टी एकदमच होतात. हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. हसू चाबकाचं आहे, काटा लेनच्या आवाजाचा. एखादा चलाख गायक बोलावून, डोळे मिचकावत ते गाणं गाऊन घेतलं असतं तर सिनेमाच्या पहिल्या दोन मिनिटांतच सगळा खेळ संपला असता. वेस्टर्नची प्रेमाने फिरकी घेणाऱ्या सिनेमांबद्दल मला जे काही वाटतं ते सगळं या एका रेकॉर्डिंगमध्ये आहे. त्या सिनेमांत एक तरी माणूस असा असावा लागतो, ज्याच्या लेखी ही थट्टा नाहीच.

आधी हे समजून घ्यायला हवं की अमेरिकन प्रेक्षकाला वेस्टर्न किती पाठ होता. 1959 च्या सुमारास तिथल्या टीव्हीवर संध्याकाळच्या मुख्य वेळेत 25 हून जास्त वेस्टर्न मालिका सुरू होत्या. थिएटरात वेगळे. शेरीफ दारूच्या गुत्त्यात शिरला की पियानो थांबणार, डॉक्टर गोळी काढायला बसला की आधी उकळतं पाणी मागणार, खलनायकाचे पोरगे बापापेक्षा मूर्ख निघणार, आणि शेवटी मुख्य रस्त्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहणार, बायका खिडक्या लावून घेणार. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इतकं ठाऊक असल्यावर त्यावर विनोद झाले नसते तरच नवल.

आपल्याकडे वेस्टर्न आला तो थेंबाथेंबाने. माझ्या थोरल्या काकांच्या पिढीसाठी वेस्टर्न म्हणजे 'मॅकेनाज गोल्ड'. अमेरिकेत 1969 चा हा सिनेमा कुणाच्या फारसा लक्षात नाही, पण भारतात तो वर्षानुवर्षं फिरून फिरून लागत राहिला. पुण्यात अलका किंवा राहुलला इंग्रजी सिनेमा पाहायला जाणारी माणसं त्यातली गिधाडं, तो डळमळणारा कडा आणि ओमर शरीफचं हसू अजून वर्णन करून सांगतात. काकांना इंग्रजी संवाद निम्मेच कळायचे. पण घोडा कसा बसतो, बंदूक कुठल्या मांडीला बांधली आहे, टोपी डोळ्यांवर कधी येते, हे त्यांचं निरीक्षण पक्कं होतं. मला वेस्टर्न बघायला त्यांनी शिकवलं, म्हणजे शेजारी बसून बोट दाखवत राहिले. थट्टेचे सिनेमे मी पुढे एकट्याने शोधले. काकांचं बोट मात्र तिथेही सोबत होतं, कारण मूळ माहीत असल्याशिवाय या सिनेमांतली अर्धी गोडी हाती लागत नाही.

अर्धी म्हणालो ते विचारपूर्वक. उरलेली अर्धी कुणालाही लागते. हे मला लेकीमुळे कळलं. तिने आयुष्यात एकही वेस्टर्न पाहिलेला नव्हता, आणि मी तिला 1969 चा 'सपोर्ट युअर लोकल शेरीफ' दाखवला. माझ्या मते या प्रकारातला हा सगळ्यात सुबक सिनेमा. 'ब्लेझिंग सॅडल्स'इतका गाजलेला नाही, तेवढा धाडसीही नाही. पण त्याच्यासारखं निवांत, आतून आलेलं हसू दुसरीकडे क्वचित सापडतं.

गोष्ट साधी आहे. कॅलेंडर नावाचं कोलोरॅडोतलं गाव. एका माणसाला पुरायला खड्डा खणतात आणि त्यात सोनं लागतं. प्रार्थना अर्धवट सोडून माणसं खड्ड्यात उड्या टाकतात आणि रातोरात गावाची जत्रा होते. गावाबाहेर पडायचा एकमेव रस्ता डॅनबी नावाच्या कुटुंबाच्या जमिनीतून जातो आणि ते प्रत्येकाच्या सोन्यातून 20 टक्के कापून घेतात. शेरीफ टिकत नाहीत. मग एक अनोळखी माणूस येतो, जेसन मॅककलो. ही जेम्स गार्नरची भूमिका. तो निघालाय ऑस्ट्रेलियाला, वाटेत चार पैसे हवेत म्हणून ही नोकरी धरतो, आणि ऑस्ट्रेलियाचं एवढं प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

नेमबाजी दाखव म्हटल्यावर तो एक वॉशर हवेत उडवतो, गोळी झाडतो आणि सांगतो, बरोबर मधल्या भोकातून गेली. गावचे पुढारी म्हणतात, कशावरून? चुकली असेल. तो वाद घालत नाही. भोकावर कागद चिकटवतो, पुन्हा उडवतो, पुन्हा झाडतो. या वेळी कागदाला भोक. गार्नरच्या चेहऱ्यावर ना गर्व ना राग. शंका रास्त होती, तिचं निरसन केलं, एवढंच.

आणि मग तो तुरुंग. गावाने नवा तुरुंग बांधलाय पण गज अजून आलेले नाहीत. जेसनने जो डॅनबीला, म्हणजे त्या कुटुंबातल्या धाकट्या, उर्मट पोराला खुनाच्या आरोपाखाली पकडून आणलंय. ठेवायचं कुठे? जेसन खडू घेतो आणि जमिनीवर एक रेघ मारतो. ही ओलांडायची नाही. रेघेच्या आसपास त्याने लाल रंगाचे थोडे थेंब सांडून ठेवलेत. पोरगा थेंबांकडे बघतो, शेरीफकडे बघतो, आधी कुणी ही रेघ ओलांडली असेल आणि त्याचं काय झालं असेल याचं गणित मनात मांडतो, आणि आत बसून राहतो. ब्रूस डर्नने हा पोरगा केलाय. पुढे हाच नट खलनायकी भूमिकांसाठी नावाजला गेला. त्याचं कौशल्य असं की पोरगा मठ्ठ वाटत असला तरी त्याचं भय खोटं वाटत नाही. रेघेच्या अलीकडे उभा राहून तो पुढे झुकतो, पाऊल उचलू की नको असं करतो, आणि मागे सरकतो.

माझी लेक इथे पोट धरून हसली. तिला 'रिओ ब्राव्हो' माहीत नव्हता, ज्यात अख्खा सिनेमाभर एका श्रीमंत माणसाच्या भावाला तुरुंगात धरून ठेवायची धडपड चालते. तिला ते माहीत असण्याची गरजही नव्हती. खडूच्या रेघेला माणूस का घाबरतो हे शाळेत गेलेल्या कुठल्याही मुलाला कळतं.

पण थोड्या वेळाने म्हातारा पा डॅनबी आला, आणि मी एकटाच हसत होतो. "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?" तिने विचारलं. आता काय सांगणार? तो म्हातारा म्हणजे वॉल्टर ब्रेनन. तीन ऑस्कर मिळवलेला सहायक नट. 1946 च्या 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'मध्ये त्याने ओल्ड मॅन क्लँटन केला होता, जॉन फोर्डच्या सगळ्या सिनेमांत मिळून ज्याची खरोखर धास्ती वाटावी असा बाप. वाढलेल्या, मिशा फुटलेल्या मुलांना तो चाबकाने फोडून काढतो, आणि कशासाठी, तर बंदूक काढूनही माणूस मारला नाही म्हणून. ते दृश्य एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाही. तेवीस वर्षांनी तोच नट, त्याच कपाळावरच्या आठ्या घेऊन, तसल्याच पोरांचा बाप झालाय. फक्त ही पोरं इतकी बिनडोक आहेत की त्याचा चाबूकही थकलाय.

एका प्रसंगात तो रागाने लालबुंद होऊन तुरुंगात शिरतो आणि जेसनवर पिस्तूल रोखतो. जेसन शांतपणे पिस्तुलाच्या नळीत आपलं बोट घालतो. म्हातारा बघतच राहतो. आता चाप ओढला तर काय होईल, नळी आपल्याच तोंडावर फुटेल का, हे कोडं त्याला कुणी घातलेलंच नाही आजवर. ब्रेननचा चेहरा त्या क्षणी पाहावा. तो विनोदी चेहरा करत नाही. क्लँटनच्या चेहऱ्यावर कधीही न आलेली एक गोष्ट, गोंधळ, तिथे पहिल्यांदा उमटते. आयुष्यभर घासूनपुसून तयार केलेलं पात्र आपल्या हाताने उतरवून ठेवायचं आणि तरी त्याला हलकं होऊ द्यायचं नाही, हे फार अवघड आहे.

मी त्या रात्री लेकीला 'क्लेमेंटाइन' दाखवला. चाबकाच्या दृश्याला ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून 'शेरीफ'मधला बोटाचा प्रसंग पुन्हा लावला, आणि या वेळी तिचं हसणं वेगळं होतं.

या सिनेमाच्या मागे कोण होतं ते पाहिलं की कोडं उलगडतं. दिग्दर्शक बर्ट केनेडी. रँडॉल्फ स्कॉटला घेऊन बड बेटिकरने पन्नाशीच्या दशकात जे कमी खर्चाचे, कोरडे, कणखर वेस्टर्न केले त्यांतल्या उत्तम पटकथा केनेडीच्या. लेखक विल्यम बॉवर्स, ज्याचा 1950 च्या 'द गनफायटर'च्या लेखनात हात होता, आणि तो तर शोकांतिकाच आहे. गार्नर स्वतः 'मॅव्हरिक' या वेस्टर्न मालिकेतून घराघरात गेलेला. म्हणजे ही थट्टा बाहेरून आलेल्या कुणी केलेली नाही. ज्यांनी ते घर बांधलं त्यांनीच ओसरीवर बसून एकमेकांच्या खोड्या काढल्यात. कुठली वीट कुठे पोकळ आहे ते त्यांना माहीत होतं, कारण ती त्यांनीच लावली होती.

थट्टा मनाला लागूही शकते. 1922 मध्ये बस्टर कीटनने 'द फ्रोझन नॉर्थ' हा छोटा मूकपट केला, त्यात विल्यम एस. हार्टची नक्कल होती. हार्ट हा मूकपटांच्या काळातला वेस्टर्नचा मोठा नायक. कपडे, खोगीर, धूळ, सगळं खरं असावं म्हणून झटणारा आणि पडद्यावर करारी असूनही ऐन प्रसंगी अश्रू ढाळणारा. कीटनने नेमके ते अश्रू पकडले. कीटनच्या आठवणींप्रमाणे हार्ट पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. मला यात हार्टचं चुकलं असं वाटत नाही. त्याने तो पश्चिम मनापासून मानला होता. आणि 1925 मध्ये कीटनने 'गो वेस्ट' केला तेव्हा त्याचाही स्वर बदललेला दिसतो. यातला एकटा, कुणाचाच नसलेला तरुण शेवटी जीव लावतो तो ब्राउन आइज नावाच्या एका गाईला. पत्त्यांच्या डावात समोरचा माणूस पिस्तूल रोखून त्याला म्हणतो की असं बोलतोस तर हसून बोल. कीटन पडद्यावर कधी हसत नाही. तो दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलतो. वेस्टर्नमधला गाजलेला संवाद आहे, त्याची फिरकी आहे, आणि तरी तो चेहरा बघवत नाही.

1965 च्या 'कॅट बलू'मध्ये हेच पुन्हा सापडतं, ली मार्व्हिनच्या रूपाने. मूळ कादंबरी गंभीर होती, सिनेमा करताना तिची गंमत केली. जेन फोंडाची कॅट आपल्या बापाच्या रक्षणासाठी एक नामांकित बंदूकबाज बोलावते, आणि बग्गीतून गाठोड्यासारखा खाली पडतो तो किड शेलीन. दारूने पार गेलेला. समोरच्या कोठाराच्या भिंतीवर नेम धरतो आणि तीही हुकते. घोटभर पोटात गेल्यावर हात असा स्थिर होतो की एकेक गोळी जागच्या जागी. आणखी दोन घोट, आणि सगळं पुन्हा ढासळतं. कॅटच्या बापाच्या शवपेटीभोवती मेणबत्त्या लावलेल्या असतात, शेलीन आत येतो, मेणबत्त्या बघतो आणि वाढदिवसाचं गाणं म्हणायला लागतो.

त्याच सिनेमात मार्व्हिनची दुसरीही भूमिका आहे, चांदीचं नाक लावलेला खुनी टिम स्ट्रॉन. पण मला सांगायचंय ते एका प्रसंगाबद्दल. शेलीन ठरवतो की आता पुन्हा उभं राहायचं. दारू सोडून, सराव करून तो शेवटी आपला जुना पोशाख चढवायला बसतो. काळा, चांदीच्या नक्षीचा. एक शब्द नाही. बैलांच्या झुंजीला निघालेल्या मातादोरला सजवावं तसं एकेक वस्त्र चढत जातं. पोट आवळायला पट्टा लागतो, तेव्हा हसू फुटतं. पण मार्व्हिनच्या मानेचा ताठरपणा बघत राहावा असा आहे. कधीकाळी हा माणूस खरंच कुणीतरी होता, हे त्या दोन मिनिटांत पटतं, आणि तोपर्यंतचा सगळा विनोद मागे जाऊन अधिक खोल होतो. या भूमिकेला सर्वोत्तम नटाचा ऑस्कर मिळाला. पारितोषिक घेताना मार्व्हिन म्हणाला की यातलं अर्धं श्रेय एका घोड्याचं आहे. खरंच आहे ते. शेलीन घोड्यावर बसल्या बसल्या झोपलाय आणि घोडा पायाची अढी घालून भिंतीला टेकलाय, ते चित्र सिनेमा न पाहिलेल्यांनीही कुठेतरी पाहिलेलं असतं. याच सिनेमात नॅट किंग कोल आणि स्टबी के हे दोघे पोवाडा गावा तसे मधूनमधून येऊन कथा गात जातात. सिनेमा लागला तेव्हा कोल जाऊन काही महिने झाले होते.

आता पुन्हा ब्रूक्सकडे, कारण प्रेमाने केलेली थट्टा म्हणजे गोडगोड थट्टा, असा समज व्हायला नको. 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये राग आहे. रॉक रिज गावातून रेल्वे न्यायची म्हणून गाव उठवायचंय, त्यासाठी हेडली लमार नावाचा कारस्थानी अधिकारी तिथे काळा शेरीफ नेमून पाठवतो. गोरं गाव याला घाबरून पळेल किंवा मारेल, दोन्हीत फायदा. क्लीव्हन लिटलचा बार्ट रुबाबात घोड्यावरून येतो, अख्खं गाव बंदुका रोखतं. आणि बार्ट आपलंच पिस्तूल आपल्याच डोक्याला लावतो. कुणी हललं तर या काळ्याला गोळी घालीन, असं स्वतःलाच ओलीस धरून गावाला धमकावतो. एका आवाजात दरडावतो, दुसऱ्या आवाजात गयावया करतो. गाव मागे सरकतं. कुणीतरी कळवळून म्हणतंही की त्या बिचाऱ्याला कुणीच मदत करणार नाही का.

हा प्रसंग पटकथेच्या टेबलावर सुचलेला निव्वळ चमत्कार नाही. लेखकांत रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर होता, आणि काळ्या माणसाने जीव वाचवण्यासाठी गोऱ्याला हवा तो काळा माणूस वठवून दाखवायचा म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती. बार्टची भूमिका त्यानेच करावी अशी ब्रूक्सची इच्छा होती, स्टुडिओने मान्यता दिली नाही. लिटलने ती केली ती अतिशय डौलात. त्या गावातला एकमेव सुसंस्कृत माणूस तोच दिसतो.

जुन्या वेस्टर्नने काय लपवलं होतं हे यातून बाहेर येतं. खऱ्या काउबॉयांत सुमारे चारपैकी एक काळा होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गुलामीत जन्मलेला बास रीव्ह्ज 1875 मध्ये डेप्युटी मार्शल झाला, आजच्या ओक्लाहोमाच्या भागात 1907 पर्यंत त्याने काम केलं, आणि 3000 हून जास्त गुन्हेगार पकडल्याचं श्रेय त्याला दिलं जातं. हॉलिवूडने अर्धशतक वेस्टर्न काढले, त्यात या माणसाला जागा मिळाली नाही. पडद्यावर काळा शेरीफ दिसला की प्रेक्षक हसेल, हे गृहीत धरता येत होतं, एवढं त्या सिनेमांनी काम करून ठेवलं होतं. ब्रूक्सने तेच गृहीत हातात घेतलं.

आणि तरी तो सिनेमा वेस्टर्नचा द्वेष करत नाही. त्यातला टॅगर्ट बघा, लमारचा गुंड. हा स्लिम पिकन्स, रोडिओमध्ये, म्हणजे काउबॉयांच्या खेळांत, विदूषक म्हणून बैलांसमोर उड्या मारून मग सिनेमात आलेला, जन्मभर वेस्टर्न केलेला नट. मॅडेलिन कानने मार्लेना डीट्रिखची नक्कल केली आहे, 'डेस्ट्री राइड्स अगेन'मधल्या गुत्त्यातल्या गाणारणीची, इतकी नेमकी की डीट्रिखच्या आवाजातला थकवाही तिने उचलला. खलनायकाची फौज ओसाड वाळवंटात चालून येते आणि वाटेत फक्त एक टोलनाका उभा केलेला आहे. आजूबाजूला मैलोगणिक मोकळी जमीन, पण फौज नाक्यापुढे थांबते आणि सुट्टे पैसे आणायला माणूस परत धाडते. महाराष्ट्रात गाडी चालवणाऱ्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते खोटं गाव. गुंडांना फसवायला रॉक रिजचे लोक एका रात्रीत शेजारी दुसरं रॉक रिज उभं करतात. फक्त दर्शनी भिंती. मागून फळ्यांचे टेकू. हॉलिवूडमधल्या स्टुडिओंच्या आवारात वेस्टर्नची गावं अशीच उभी असत, बँक, हॉटेल, तुरुंग, सगळं समोरून. काकांना मी हे सांगितलं होतं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला नव्हता. ब्रूक्स ते टेकू दाखवतो आणि मग ज्या निष्ठेने गावकरी त्या फळ्या रंगवतात तीही दाखवतो. ब्रूक्स सांगायचा की त्याने वेस्टर्नचा बडा नायक जॉन वेन यालाही भूमिका देऊ केली होती. वेनने नकार दिला, पण बघायला रांगेत पहिला मीच असेन, असंही सांगितलं.

एक गोष्ट मात्र हे सगळे सिनेमे करू शकले नाहीत. ज्यांची ती जमीन होती ते मूळ रहिवासी इथेही नीट आलेले नाहीत. 'कॅट बलू'मधला जॅक्सन टू-बेअर्स हा तरुण गोड आहे, पण नट इटालियन वंशाचा. 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये ब्रूक्स स्वतः यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलणारा आदिवासी प्रमुख होतो. ते दृश्य त्याच्या घराच्या भाषेतून आलंय आणि बार्टच्या कुटुंबाला सोडून देणारा तो प्रमुखच आहे, हे कबूल. पण ज्याची थट्टा करायची हिंमत झाली त्याच्या पलीकडे ज्याला बोलूच दिलं नाही असा माणूस उरला, हे मला खटकतं.

न जमलेले सिनेमे पुष्कळ आहेत. 2014 च्या 'अ मिलियन वेज टू डाय इन द वेस्ट'मध्ये नायक मेंढपाळ आहे, पण बोलतो एकविसाव्या शतकातून सहलीला आल्यासारखा, आणि त्या काळात जगणं किती वाईट होतं हे आपल्यालाच सांगत राहतो. तो त्या गावात राहतच नाही, मग आपण कसे राहणार? उलट 1964 मध्ये प्रागमध्ये बसून ओल्दरिख लिपस्कीने 'लिमोनाडोव्ही जो' केला. दारूऐवजी कोलालोका नावाचं सरबत पिणारा गोरागोमटा नायक, पिवळ्या-निळ्या छटांत रंगवलेली मूकपटांसारखी फिल्म. पुढे उघड होतं की हा धर्मवीर त्या सरबताचा विक्रेता आहे. अमेरिकेपासून इतक्या लांब, कम्युनिस्ट राजवटीत राहणाऱ्या माणसांनी लहानपणी पाहिलेले वेस्टर्न किती जपून ठेवले होते, ते त्यातल्या प्रत्येक टोपीत दिसतं. अंतर आड येत नाही. न पाहिलेलं आड येतं.

हे लिहिताना मला सारखे निळू फुले आठवत राहिले. विनोदी कार्यक्रमांत कुणीही उठतो, आवाज घोगरा करतो आणि बाईला वाड्यावर बोलावतो. टाळ्या पडतात. पण 1975 च्या 'सामना'मधला हिंदुराव पाटील त्या नकलेत कुठेही नसतो. मास्तरच्या एका प्रश्नाने हळूहळू पोखरला जाणारा, सत्ता असूनही झोप उडालेला पाटील. आपल्या तमाशापटांचे आणि ग्रामीण सिनेमांचे नियम वेस्टर्नइतकेच ठरलेले होते. वाडा, फड, फेटा, चावडी, शहरातून आलेला मास्तर. त्यांची फिरकी घ्यायला कुणी बर्ट केनेडी त्या वेळी पुढे आला असता आणि निळूभाऊंच्याच हाती तो पाटील दिला असता, तर त्यांनी ब्रेननच्या तोडीचं काम केलं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ते राहून गेलं. पण आज लिहू पाहणाऱ्याकडे निदान सगळे सिनेमे आहेत. आधी ते बसून पाहावेत, घोगऱ्या आवाजाला हात घालण्यापूर्वी.

'सपोर्ट युअर लोकल शेरीफ'मध्ये जेसनचा मदतनीस जेक आहे. गावातला घाणीतली कामं करणारा माणूस, त्याला जेसन डेप्युटी करतो. हा जॅक इलाम. लहानपणी पेन्सिल लागून त्याचा डावा डोळा गेला, आणि त्या तिरक्या नजरेमुळे हॉलिवूडने त्याला आयुष्यभर गुंड केलं. 'हाय नून'मध्ये तो कोठडीतला दारुडा आहे, नामावलीत नावही नाही. सर्जिओ लिओनीच्या 1968 च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये तो स्टेशनवर बसून चेहऱ्यावरची माशी पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि गाडी येताच मारला जातो. त्याच्या बहुतेक पात्रांचं असंच व्हायचं. इथे तो मरत नाही. सिनेमा संपताना कॅमेऱ्याकडे बघून पुढचं सगळं तोच सांगतो. जेसनचं लग्न झालं, तो कोलोरॅडोचा गव्हर्नर झाला, ऑस्ट्रेलियाला काही गेला नाही. शेरीफ कोण झालं? मी. आणि मग, तो तिरका डोळा आपल्यावर रोखून, जेक अगदी सरळपणे सांगतो की पश्चिमेच्या दंतकथांमधल्या सगळ्यात लाडक्या माणसांपैकी मी एक झालो.